लेहला पाच बाइक : सगळ्यात हळू चालवणारा पुढे ठेवायचा की मागे?

घाटवेडा
नमस्कार मंडळी. शाळेपासूनचे पाच मित्र, पाच बाइक आणि एकाची बायको मागच्या सीटवर, असे आम्ही सहा जण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघतोय. मनालीवरून लेह, उतरताना कारगिल-श्रीनगर. तयारी म्हणून मागच्या रविवारी ताम्हिणीत सगळ्यांनी एकत्र चालवून बघितलं आणि तिथेच वाद सुरू झाला.

आमच्यातला एक जण दोनच वर्षांपूर्वी गिअरची बाइक शिकलाय. चाळीसच्या वर जात नाही, वळणावर तर वीस. तो शेवटी होता. आम्ही चौघं घाट संपल्यावर चहाला थांबलो, त्याची वाट बघत गप्पा चालल्या होत्या, फोटो काढत बसला असेल असं धरून चाललो. पंचवीस मिनिटं झाली तेव्हा एक जण मागे गेला. हा एका वळणावर बारीक खडीवरून घसरून पडला होता, मनगट धरून कठड्यावर बसलेला, रेंज नाही. फार लागलं नव्हतं, पण मला त्या रात्री झोप लागली नाही हो. ताम्हिणीत हे, तर बारालाचाच्या खिंडीत काय?

आता दोघं म्हणतात त्याला सगळ्यात पुढे ठेवायचा, म्हणजे ग्रुप आपोआप त्याच्या वेगाने जाईल. दोघं म्हणतात मागेच राहू दे पण त्याच्याही मागे एक जण हवा. आणि तो स्वतः म्हणतो, "मी मागेच बरा, माझ्यामुळे कुणाचा खोळंबा नको." ज्यांनी ग्रुपने असे बरेच दिवस डोंगरात चालवलंय त्यांनी सांगा, तुम्ही काय करता?

खडखडाट
पुढे. विषय संपला.

गिअरबदल
पुढे नको!! पाठीवर चार हेडलाइट घेऊन नवा माणूस चालवतो तेव्हा तो रस्ता बघत नाही, आरसा बघतो. आणि मग स्वतःच्या झेपेपेक्षा दहाने जास्त पळवतो.

सह्यभ्रमर
गिअरबदलशी सहमत, पण मागे ठेवणं त्याहून वाईट, ते ताम्हिणीत कळलंच तुम्हाला. आमच्या ग्रुपमध्ये गेली बरीच वर्षं एकच पद्धत आहे. नवा माणूस दुसऱ्या नंबरवर. पहिल्या नंबरवर जो असतो त्याचं काम रस्ता वाचायचं, खड्डा, खडी, ओलावा, समोरून येणारा ट्रक, आणि वेग स्वतःच्या मनाने ठरवायचा नाही, आरशात दुसरा दिसतोय त्यावर ठरवायचा. दुसऱ्याला फायदा असा की पहिल्याने वळण कुठून धरलं, ब्रेकचा दिवा कुठे लागला हे समोर दिसतं, तो नुसता त्याच्या मागोमाग जातो आणि शिकतो. शेवटी तुमच्यातला सगळ्यात अनुभवी. पंक्चर किट, हवेचा पंप, हत्यारं, प्रथमोपचाराचा डबा हे सगळं त्या शेवटच्या बाइकवरच पाहिजे. कारण बंद पडलेल्या बाइकपाशी शेवटचा माणूस आपोआप पोचतो, पुढे गेलेल्याला ते बिचारं कळतही नाही.

आणि दोन बाइकमध्ये अंतर ठेवा. सरळ रस्त्यावर एक डावीकडे एक उजवीकडे असं तिरकं चाललं तरी ठीक, घाटात मात्र एकामागे एकच, कारण वळणावर प्रत्येकाला आपली पूर्ण लेन लागते.

रानवारा
मी ती हळू चालवणारी होते म्हणून लिहितेय. २०२२ ला आम्ही सात जण गेलेलो, मी एकटीच बाई आणि एकटीच नवखी.

मला पहिले दोन दिवस शेवटी ठेवलं. कुणी वाईट वागलं नाही, उलट प्रत्येक थांब्यावर माझी वाट बघायचे. पण झालं असं की मी पोचायचे तेव्हा बाकीच्यांचा चहा पिऊन, पाय मोकळे करून, हेल्मेट चढवून झालेलं असायचं. मी पोचले की "चला, आली" म्हणून सगळे स्टार्टर मारायचे. म्हणजे जिला सगळ्यात जास्त विश्रांतीची गरज तिलाच सगळ्यात कमी मिळायची. वर तुटलेल्या रस्त्यावर सहा बाइकची धूळ खायची ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझे दोन्ही तळहात इतके दुखत होते की क्लच दाबला जात नव्हता आणि मी हेल्मेटमध्ये रडत चालवत होते, हे त्यांना अजूनही माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी मीच सांगितलं की मी पोचल्यापासून पंधरा मिनिटं मोजायची, तुम्ही पोचल्यापासून नाही. बाकी नंबर कुठलाही द्या, हा नियम मात्र करा प्लीज.

घाटवेडा
रानवारा ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. ताम्हिणीतही आम्ही हेच केलं असतं. ग्रुपवर तुमचा प्रतिसाद टाकतोय.

खडखडाट
रानवारा यांचं वाचून माझं मत बदललं. दुसरा नंबर. विषय आता संपला.

नाडीपरीक्षा
तुम्ही सगळे रस्त्यावरच्या नंबराबद्दल बोलताय, मला काळजी वेगळी आहे. चार हजार मीटरच्या वर कोण हळू आणि कोण जलद हे पार उलटं होऊ शकतं. घाटवेडा, रात्रीचे मुक्काम कुठे धरलेत ते सांगा आधी.

घाटवेडा
पहिला दिवस मनाली ते सरचू, दुसरा दिवस सरचू ते लेह. मग एक दिवस खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) करून नुब्रा. बोगदा झाल्यापासून सरचू एका दिवसात आरामात होतं असं सगळे सांगतात.

गिअरबदल
होतं म्हणून करायचं असं नाही रे भावा.

नाडीपरीक्षा
हीच भीती होती. मनाली साधारण २,००० मीटर, सरचू साधारण ४,३०० मीटर. म्हणजे एका दिवसात झोपायची उंची दुपटीहून जास्त. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, ९ किमीचा, त्याने रोहतांग चढायचा त्रास आणि ४६ किमी वाचवले ही फार चांगली गोष्ट, तिथल्या लोकांना तर हिवाळ्यात ती जीवनवाहिनीच आहे. पण रस्ता लवकर संपतो म्हणून फुप्फुसं लवकर तयार होत नाहीत. डॉक्टरी शिस्त अशी की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं.

हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं, हवेचा दाब कमी होतो म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी येतो. खारदुंग ला, तांगलांग ला इथे समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. आणि जिम करणारा, पळणारा माणूस याला अपवाद नाही, उलट असा माणूस डोकं दुखतंय हे सांगायलाच लाजतो.

चिखलपाऊल
नाडीपरीक्षा जे सांगतायत ते मी भोगलंय. सरचूच्या तंबूत रात्री अकराला आमच्यातला सगळ्यात दणकट गडी उठून ओकायला लागला. आम्हाला वाटलं जेवण बाधलं. पहाटे दोनला तो तंबूच्या दोरीला अडखळला, उभा राहिला, परत अडखळला, दारू प्यायल्यासारखा चालत होता आणि दारूचा थेंब नव्हता पोटात.

आता खरी गंमत... गंमत कसली, कोंडी. खाली न्यायचं असं सगळ्यांना माहीत असतं. पण सरचूवरून खाली जायला आधी वर चढावं लागतं! मनालीकडे परतायचं तर बारालाचा ला, ४,८५० मीटरच्या वर. लेहकडे जायचं तर गाटा लूप्सची २१ वळणं, नकी ला, मग लाचुलुंग ला ५,००० च्या वर. दोन्हीकडून अडकलेले. शेवटी जवळच्या एका तंबूवाल्याने गाडी काढली, ऑक्सिजनचा सिलिंडर लावून त्याला बारालाचा ओलांडून केलाँगला नेलं. दोन दिवसांत बरा झाला. त्या तंबूवाल्याने पहाटे तीनला थंडीत काच पुसत पुसत गाडी चालवली, त्याचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

सरचूला पहिली रात्र काढू नका. कृपा करून नका काढू.

पायवाट
+१. मनालीवरूनच जायचं असेल तर पहिली रात्र जिस्पा किंवा केलाँग, दोन्ही ३,०००-३,२०० च्या आसपास. जमलं तर दोन रात्री.

सह्यभ्रमर
मी तर म्हणेन वर्तुळ उलटं फिरवा. श्रीनगर १,६०० मीटर, मग झोजी ला ३,५२८ चा, पण तिथे झोपायचं नाही, पलीकडे कारगिल २,७०० ला उतरून झोपायचं. दुसऱ्या दिवशी नमिका ला, फोतू ला (४,१०८, त्या रस्त्यावरचा सगळ्यात उंच) आणि लेह ३,५००. चार दिवस लेहच्या आसपास काढून मग तांगलांग ला, सरचू. तोवर रक्त तयार झालेलं असतं. शिवाय तुमच्या नवख्या मित्राला कारगिल-लेह हा चांगला डांबरी रस्ता आधी मिळतो, मोडका नंतर.

नाडीपरीक्षा
सह्यभ्रमर यांचा मार्ग वैद्यकीयदृष्ट्या कितीतरी बरा. आणि तीन गोष्टी पाठ करा. डोकं दुखत असताना आणखी वर चढायचं नाही. सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर सकाळची वाट न बघता खाली. आणि उंचीच्या त्रासावरच्या अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका, आपल्या डॉक्टरला विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर ती आधी सांगा.

तीनचाकी
अवांतर: खारदुंग ला जगातला सर्वात उंच रस्ता ना? तिथे फोटो काढायलाच जायचंय आम्हाला पण.

पायवाट
अवांतरावर अवांतर: नाही. तिथल्या बोर्डावर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं पण जीपीएसने मोजलं तर ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,६०० फूट भरतं. २०२१ मध्ये सीमा सडक संघटनेने उमलिंग ला वरून डांबरी रस्ता नेला, तो १९,०२४ फूट.

तीनचाकी
म्हणजे माझ्या मेव्हण्याने दिवाणखान्यात लावलेला फ्रेमचा फोटो...?

खडखडाट
फोटो राहू द्या. तिथवर बाइक नेली हे खरंच आहे ना.

गिअरबदल
परत रस्त्यावर येतो. पेट्रोल. मनाली बाजूला तांदीचा पंप, जिथे चंद्रा आणि भागा या नद्या मिळतात, तिथे पुढचा पंप ३६५ किमीवर असा बोर्ड प्रसिद्ध आहे. लेहकडून येताना करू गावात टाकी फुल करा. वर बाइकचं अॅव्हरेज पडतं, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासन्तास जातात, म्हणून घरच्या हिशोबावर विसंबू नका, बाइकमागे पाच लिटर जादा ठेवा. कार्ब्युरेटरवाली बाइक असेल तर वर हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच असं होऊन ती काळा धूर सोडते, दम लागतो तिला. इंजेक्शनवाली मिश्रण जुळवून घेते, पण ताकद तिचीही कमी होतेच, घाबरू नका, बिघाड नाही तो.

क्लच केबल आणि अॅक्सिलरेटर केबल जादा घ्या, आणि नवी केबल जुनीच्या शेजारीच आतापासून ओवून ठेवा म्हणजे तुटली की नुसती टोकं बदलायची.

चिखलपाऊल
नाल्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. वरचं बर्फ दिवसा वितळतं म्हणून दुपारनंतर पाणी चढतं. सकाळी घोट्याएवढं असलेलं संध्याकाळी गुडघ्याच्या वर. त्यामुळे झिंगझिंगबारच्या आसपासचे ओढे सकाळीच ओलांडायचे, म्हणजे पहाटे निघायचं, म्हणजे रात्री लवकर झोपायचं. पहिला गिअर, अर्धा क्लच, नजर पलीकडच्या काठावर, आणि मधे थांबायचं नाही. बाइक पाण्यात आडवी झाली तर लगेच स्टार्टर मारू नका!! एअर फिल्टरमधून पाणी आत गेलेलं असेल तर इंजिन कायमचं जाईल. आधी प्लग काढा, पाणी बाहेर उडवा, मग बघा.

रानवारा
आणि मागे बसणाऱ्या वहिनींना नाल्यात उतरवून चालत न्या, दगडांवरून. त्यांच्यासाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घ्या. माझ्या ग्रुपमध्ये ज्यांनी बूट घेतले नव्हते त्यांचे पाय लेहपर्यंत ओले होते.

तिसराआरसा
मूळ प्रश्नाकडे. आम्ही नंबर वगैरे ठेवत नाही. एकच नियम, आपल्या मागचा आरशात दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला की हळू, तरी नाही दिसला की सुरक्षित जागा बघून थांब, तरी नाही आला की मागे फिर. पुढच्याची चिंता करायचीच नाही. प्रत्येकाने एवढंच पाळलं तर साखळी पहिल्यापर्यंत आपोआप थांबते. काही ग्रुप फाट्यावर दुसऱ्याला उभं करतात आणि सगळे गेले की तो शेवटी लागतो, पण लेहच्या रस्त्यावर फाटेच कुठे आहेत.

सह्यभ्रमर
उपशी, करू, लेह शहर असे मोजकेच फाटे, बरोबर. पण तिसराआरसा, तुमचा नियम घाटात कमी पडतो. वळणामागे मागचा दर दोन मिनिटांनी दिसेनासा होतोच. म्हणून आम्ही दोन्ही करतो, नंबरही आणि आरसाही. आणि हो, आपलं बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, सहा जणांत निदान तिघांकडे पोस्टपेड पाहिजे, तीही वेगवेगळ्या कंपनीची.

नवाकोरा
नमस्कार. आजच सदस्य झालो. ज्याच्यावर हा धागा आहे तो हळू चालवणारा मीच. घाटवेडाने लिंक पाठवली, दोनदा वाचला सगळा.

मनापासून सांगतो, मला पडायची एवढी भीती वाटत नाही. ताम्हिणीत पडलो तेव्हा पहिला विचार आला तो असा की आता हे सगळे थांबणार, यांचा रविवार वाया गेला. म्हणून मी हाका मारायचा प्रयत्नही केला नाही, येणाऱ्या एका जीपवाल्याने विचारलं तर त्याला "ठीक आहे" म्हणून पाठवून दिलं. मागे राहिलं की निदान कुणाच्या डोळ्यांवर येत नाही असं वाटायचं. रानवारा ताईंचं हेल्मेटमधलं वाचून बरं वाटलं, म्हणजे वाईट वाटलं, पण बरं वाटलं.

एक विचारायचंय. चढ जमतो. उतारावर वळण आलं की मी दोन्ही ब्रेक दाबून धरतो आणि बाइक सरळच जाते. काय चुकतं?

गिअरबदल
ये भावा, स्वागत. चुकतं एवढंच की ब्रेक वळणाच्या आत लावतोस. ते वळणाच्या आधी, बाइक सरळ असताना उरकायचे. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर, इंजिन धरून ठेवतं गाडीला, क्लच दाबून गडगडत सोडू नकोस. सतत ब्रेक दाबून ठेवलास तर ते तापून धरेनासे होतात. नजर चाकासमोर नको, वळण जिथे सुटतं तिथे. आणि इतरांची चाकं जिथून जात नाहीत तिथे खडी साचते, तिकडे जाऊ नकोस. खाली येताना वर चढणाऱ्या ट्रकला आधी जाऊ दे, नियमही तोच आहे, अरुंद घाटात चढणाऱ्याला वाट.

सह्यभ्रमर
आणि नवाकोरा, परत पडलास तर ओरड. आम्ही सगळे थांबण्यासाठीच मित्र असतो रे.

घाटवेडा
(परत आल्यावर)
उशीर झाला लिहायला, माफ करा. सुखरूप पोचलो सहाही जण.

बाइक रेल्वेने जम्मूला पाठवल्या, टाक्या रिकाम्या करून, आणि उलटं वर्तुळ धरलं. आम्हा चौघांना पटवायला फार वेळ लागला नाही, एकाला लागला. तो म्हणजे आमच्यातला सगळ्यात जलद, त्याला मनाली-सरचू-लेह दोन दिवसांत मारायचं होतं. चिखलपाऊल यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा गप्प झाला.

मी पहिला, नवाकोरा दुसरा. झोजी ला च्या कच्च्या भागात पहिल्यांदाच समजलं की आरशात बघून वेग ठरवणं किती दमवतं, संध्याकाळी माझी मान आखडली होती. पण द्रासला पोचलो तेव्हा पाचही बाइक चार मिनिटांच्या आत उभ्या होत्या. पंधरा मिनिटांचा नियम पाळला. वहिनींनी तो मोबाइलवर अलार्म लावून पाळायला लावला.

लेहला पहिल्या रात्री आमच्या जलद गड्याचं डोकं इतकं दुखायला लागलं की डोळे उघडेना. टाचेला बोट लावून चालवलं, चालला नीट, म्हणून दुसरा अख्खा दिवस झोपवून ठेवला, पाणी पाजलं, खारदुंग ला दोन दिवस पुढे ढकलला. त्या दिवशी त्याच्या खोलीत बसून राहिला तो नवाकोरा. आम्ही बाजारात फिरून आलो, हा तिथेच.

परतताना तांगलांग ला चढताना तोच जलद गडी दोनदा थांबला, धाप लागत होती. तेव्हा त्याला दुसऱ्या नंबरवर घेतलं आणि नवाकोरा तिसरा झाला, कुणी काही बोललं नाही, नुसत्या बाइक पुढेमागे झाल्या. मोरे मैदानात मात्र रस्ता सरळसोट, चाळीसेक किलोमीटर, तिथे म्हटलं जा रे ज्याला जसं जायचंय तसं, टोकाला भेटू. गाटा लूप्स उतरताना २१ पैकी एकाही वळणावर नवाकोराची बाइक सरळ गेली नाही. मी आरशात मोजत होतो.

झिंगझिंगबारच्या आधीच्या ओढ्यात सकाळी साडेआठला माझीच बाइक आडवी झाली. स्टार्टरकडे हात गेला होता, मागून तिघं एकदम ओरडले "नको!" प्लग काढला, पाणी उडवलं, दीड तास गेला, पण सुरू झाली.

चिखलपाऊल
वाचलं इंजिन! फार बरं वाटलं. सरचूला झोपलात का मग?

घाटवेडा
झोपलो, नवव्या रात्री. सगळे नीट झोपले. थंडीने जाग आली तेव्हा बाहेर आलो तर एवढे तारे की ओळखीचं नक्षत्र शोधता येईना.

रानवारा
नवाकोरा, मनगट कसंय?

नवाकोरा
बरं आहे ताई. तळहात दुखले पण रडलो नाही, एकदाच थोडंसं, बारालाचाच्या तलावापाशी, आणि ते सगळ्यांसमोर. पुढच्या सप्टेंबरला शिंकू ला वरून झंस्कारला जायचं म्हणतायत. मी शेवटचा नंबर मागितलाय. हत्यारांची पिशवी घेऊन.